निराधार देह

चित्रकला शिकत असताना लाइफच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. समोर स्टुलावर पन्नाशीच्या एक बाई मॉडेल म्हणून बसल्या होत्या. पाठ जराशी वाकलेली, दोन्ही हात मांड्यांवर, नजर खिडकीबाहेर. मी चारकोलने डोकं, मान, खांदे, पाठीचा बाक असं उतरवत कंबरेपर्यंत आले, मग मांड्या, गुडघे, पावलं काढली. स्टूल काढायचं राहून गेलं. मागून सर आले, कागदाकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "अगं, बाई पडतील ना! आधी स्टूल काढ. देह कशावर टेकलाय तेच कळलं नाही, तर देह कळणार कसा?" माझ्या हातातला चारकोल घेऊन त्यांनी चार रेघांत स्टूल उभं केलं. त्या चार रेघांनी बाईंचं वजन खरोखरच खाली उतरलं. कंबर बसली, मांड्या स्थिरावल्या, पाठ सैल झाली. बाईंच्या आकृतीतली एकही रेघ बदलली नव्हती, तरी त्या आता सुखरूप होत्या.

बऱ्याच वर्षांनी व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्युझियममध्ये एगॉन शीलेच्या एका चित्रासमोर उभी होते, तेव्हा सरांचं ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. चित्र १९१० सालचं, साधारण दीड मीटर उंच आणि तेवढंच रुंद. नग्न बसलेला एक पुरुष; तो पुरुष म्हणजे शीले स्वतः, वय वीस. अंगाचा रंग पिवळट हिरवा, मुका मार जुना झाल्यावर कातडीवर उमटतो तसा. बरगड्या मोजून घ्याव्यात. हात डोक्यावरून वळवून घेतलेला. डोळा, स्तनाग्रं, बेंबी निखाऱ्यासारखी तांबडी. पाय घोट्याशी संपतात, पावलं नाहीत. आणि हा माणूस बसलाय कशावर? कशावरच नाही. बसण्याची सगळी ठेवण आहे, पण खाली खुर्ची नाही, जमीन नाही, सावली नाही. भोवती नुसता पांढरा रंग.

शीले खुर्ची विसरला असं म्हणायची सोय नाही. १९०६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला होता. तिथले त्याचे प्राध्यापक क्रिस्टियान ग्रीपेनकेर्ल जुन्या वळणाचे आणि कडक. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली घोटून १९०९ मध्ये काही मित्रांबरोबर त्याने अकादमी सोडली. देहाचं वजन कुठे पडतं, कुठून कुठे जातं, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर खुर्ची काढून घेतल्यावरही तो देह कोसळत नाही. बसल्या ठेवणीतच अडकून राहतो, आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ त्या नसलेल्या खुर्चीत आहे.

मराठीत 'निराधार' हा शब्द तहसील कचेरीतल्या अर्जावर भेटतो. ज्यांना बघणारं कुणी नाही अशा माणसांसाठी असलेल्या अनुदान योजनेच्या नावातच तो आहे, आणि कागदोपत्री वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आहे. पण शब्द फोडून बघितला तर त्यात आधी एक शरीर दिसतं, ज्याला टेकायला काही नाही असं. मन त्याच्या मागून येतं. टेकणं आणि सांभाळलं जाणं या दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. 'आधार हवा' हे आपण जिना उतरताना म्हणतो आणि घरातलं माणूस गेल्यावरही म्हणतो. अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी मानवाकृतीचं काय केलं ते सांगायला मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. त्यांनी देहाचा आधार काढून घेतला. कधी खुर्ची काढली, कधी जमीन, कधी पावलं, कधी शेजारचं माणूस. एकाकीपण त्यांनी चेहऱ्यावर रंगवलं त्यापेक्षा कितीतरी जास्त ते देहाच्या खाली आणि भोवती रंगवलं.

आपण एकटेपणा आणि एकांत यांत फरक करतो. एकांत मागून घेतलेला असतो. साधक तो शोधतो, लिहिणारे त्याच्यासाठी तळमळतात. पुढच्या पानांवर जी माणसं आहेत त्यांच्यापैकी कुणीही एकांत मागितलेला नव्हता.

अभिव्यक्तिवादाबद्दल एक समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. चित्रकाराच्या आत काहीतरी उसळलं, त्याने ते कॅनव्हासवर ओतलं. रंग जाड, रेघ वेडीवाकडी, चेहरा विद्रूप, झालं चित्र. या समजापायी कितीतरी मुलं ब्रश आपटत राहतात आणि समोरच्यापर्यंत काही पोचत नाही. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. भावना कच्ची असू शकते, ओली असू शकते, ठसठसणारी असू शकते. ती तशीच्या तशी दुसऱ्याच्या अंगावर उमटवायची तर हात मात्र कच्चा असून चालत नाही.

एडवर्ड मुंकचं 'आजारी मूल' हे चित्र घ्या. मुंक पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली. तो तेरा वर्षांचा असताना, १८७७ मध्ये, त्याची मोठी बहीण सोफी क्षयानेच गेली. ती पंधरा वर्षांची होती. पुढे बाविसाव्या वर्षी त्याने हे चित्र हाती घेतलं. तांबूस केसांची मुलगी मोठ्या पांढऱ्या उशीला टेकून बसली आहे. शेजारी एक बाई मान खाली घालून. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दोघींचे हात चित्राच्या मधोमध एकमेकांत गेलेले, पण ते हात म्हणून ओळखू येत नाहीत, रंगाचा नुसता एक ओला ठिपका झाला आहे. मुंक हे चित्र सुमारे वर्षभर करत होता. रंगवायचं, खरवडून काढायचं, पुन्हा रंगवायचं. मूळ चित्रासमोर उभं राहिलं तर ते ओरखडे डोळ्यांना बोचतात. १८८६ च्या शरदात ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, ते मांडलं तेव्हा त्याची टवाळी झाली. अर्धवट, अस्वच्छ, असं लोकांना वाटलं. मुंक पुढे चाळीस वर्षं या विषयाकडे परतत राहिला. रंगचित्राच्या एकूण सहा आवृत्त्या केल्या. चाळीस वर्षं एकाच पलंगापाशी जाऊन बसणाऱ्या माणसाला उतावीळ म्हणता येणार नाही.

या चित्रात आधार आहे. उशी आहे, पांघरूण आहे, हात धरलेली मावशी आहे. बाईसाठी मुंकची खरीखुरी मावशीच बसली होती. तरीही मुलगी तिच्याकडे बघत नाही. तिच्यावरून, तिच्या पलीकडे, पडद्याकडे बघते. आजाऱ्यापाशी रात्र काढलेल्या प्रत्येकाला ती नजर माहीत आहे. आपण हात धरून बसलेलो असतो आणि ते माणूस दुसरीकडेच कुठेतरी निघालेलं असतं. आधार असून उपयोग नाही, ही गोष्ट खुर्ची काढून टाकण्यापेक्षाही अवघड, आणि माझ्या मते मुंकने ती 'किंकाळी'पेक्षा इथे जास्त खोल साधली आहे.

'किंकाळी'बद्दल थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गालांवर हात ठेवून बसलेली आहे. १८९३ चं, पुठ्ठ्यावर केलेलं हे चित्र इतक्यांदा बघितलंय की त्यातली मागची दोन माणसं आपल्या नजरेतून सुटतात. कठडा तिरका पार मागपर्यंत जातो आणि त्याच्या टोकाशी ते दोघे आपापले उभे. त्यांना काही ऐकू आलेलं नाही. पुढच्या आकृतीने कान झाकले आहेत, कारण किंकाळी बाहेरून येते आहे, आभाळातून, पाण्यातून; आणि ती एकट्यालाच ऐकू येते. ते दोन ठिपके झाकून चित्र बघा. अर्धी भीती निघून जाते.

आता वेगाची गोष्ट. ७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेनमध्ये आर्किटेक्चर शिकणाऱ्या चौघा तरुणांनी 'ब्र्यूके', म्हणजे पूल, नावाचा गट काढला. एर्न्स्ट लुडविग किर्शनर, एरिख हेकेल, कार्ल श्मिट-रॉटलुफ आणि फ्रिट्झ ब्लायल. त्यांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला होता: मॉडेलने दर पंधरा मिनिटांनी ठेवण बदलायची. पंधरा मिनिटांत शेडिंग होत नाही, स्नायू घोटता येत नाहीत. देहाचा एक झटका तेवढा हाती लागतो. हा वेग तालमीचा होता. पुढे १९११ मध्ये किर्शनर बर्लिनला गेला आणि रस्ते रंगवू लागला, तेव्हा ही तालीम कामी आली. त्याच्या १९१४ च्या 'पोट्सडामर प्लाट्झ'मध्ये दोन बायका रस्त्याच्या मधल्या गोल चबुतऱ्यावर उभ्या आहेत, एकीच्या तोंडावर विधवेची काळी जाळी. मागे काळ्या कोटातले पुरुष, पाय कात्रीसारखे. चबुतरा इतका तिरका की बायका त्यावरून आपल्या अंगावर घसरतील असं वाटतं. गर्दीतलं एकटेपण म्हणून या चित्राकडे बोट दाखवायची पद्धत आहे, आणि ते खरंही आहे. मला मात्र त्या चबुतऱ्याची कड दिसत राहते. उभं राहायला जागा दिली आहे, पण पाय ठरू नये अशी.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर किर्शनर तोफखान्यात भरती झाला, काही महिन्यांतच मनाने मोडला आणि त्याला सोडून द्यावं लागलं. १९१५ च्या 'सैनिक म्हणून स्वतःचं चित्र'मध्ये तो गणवेशात, ओठांत सिगारेट, डोळ्यांत बुबुळं नाहीत. आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला, थोटा, रक्ताळलेला, वर धरलेला. मागे नग्न मॉडेल उभी आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. त्याच हाताने त्याने हे चित्र काढलं. चित्रकाराचा शेवटचा आधार म्हणजे हात, तो त्याने स्वतःच्या चित्रात स्वतःच तोडला. बावीस वर्षांनी, १९३७ मध्ये, नाझींनी म्युनिकच्या 'ऱ्हासग्रस्त कला' या प्रदर्शनात हे चित्र हेटाळणीसाठी टांगलं. किर्शनरच्या सहाशेंहून अधिक कलाकृती जर्मन संग्रहालयांतून उचलल्या गेल्या. १५ जून १९३८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

केथे कोलवित्स या यादीत बसते की नाही यावर अभ्यासक वाद घालतात. तिने स्वतःला अभिव्यक्तिवादी म्हणवून घेतलं नाही आणि रंगांचा सोसही तिला नव्हता. छापचित्रं आणि शिल्पं हीच तिची वाट. पण तिच्यावाचून हे पुस्तक मला अपुरं वाटलं असतं, आणि तिच्यावरचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं आहे त्याची मी माफी मागत नाही.

१९०३ मध्ये तिने 'मेलेलं मूल घेतलेली बाई' हे एचिंग केलं. नग्न बाई मांडी घालून बसली आहे. मांडी अशी भक्कम की डोंगराचा पायथा वाटावा. तिने मुलाला उचलून छातीशी इतकं घट्ट आवळलंय की दोघांची शरीरं वेगळी करता येत नाहीत, आणि तोंड त्याच्या छातीत खुपसलंय. मुलाची मान मागे कललेली. बघणारा आधी दचकतो, कारण हे आईपण जनावराचं आहे. पिलाला हुंगणारं, चाटणारं. कोलवित्सने यासाठी आरशासमोर बसून स्वतःलाच मॉडेल केलं होतं आणि मांडीवर घेतला होता तिचा धाकटा मुलगा पेटर. तो सात वर्षांचा होता. जिवंत, ऊबदार, कदाचित कंटाळलेला पोरगा कवेत घेऊन ती मेलेल्या मुलाचं चित्र काढत होती.

अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १९१४ मध्ये, अठरा वर्षांचा पेटर बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. तो अजून सज्ञान नव्हता. युद्धावर जायला वडिलांची परवानगी लागत होती, वडील नको म्हणत होते, आणि आईने मुलाची बाजू घेतली होती. हे तिला जन्मभर पुरलं. त्याच्यासाठी स्मारक करायला घेतलं आणि त्याला सुमारे अठरा वर्षं लागली. मधे ती मांडणी बदलत राहिली, मोडत राहिली. १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत ते उभं राहिलं: 'शोकमग्न आईवडील'. वडील गुडघ्यांवर, पाठ ताठ, दोन्ही हात स्वतःच्या छातीभोवती आवळलेले. आई गुडघ्यांवर, पुढे वाकलेली, तिचेही हात स्वतःभोवती. दोघं शेजारी आहेत, पण दोन वेगळ्या दगडांवर. मधे अंतर आहे.

१९०३ च्या आईच्या मिठीत मूल होतं. १९३२ च्या आईच्या मिठीत तिचं स्वतःचंच अंग आहे. आणि एकाच मुलासाठी रडणारी दोन माणसंसुद्धा एकमेकांना धरू शकत नाहीत. आपल्याकडे मयताच्या घरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, पुरुष ओटीवर गप्प बसतात. त्या ओटीवर बसलेल्या पुरुषांचे हात कधी नीट बघितले तर कोलवित्सच्या त्या बापाचे हात ओळखू येतील. त्या दोन चौथऱ्यांमधली मोकळी जागा ही मला या सबंध काळातली सर्वांत अवघड निर्मिती वाटते.

आता एक गोष्ट जी या विषयावरच्या पुस्तकांत बहुधा तळटीपेत जाते, आणि मला ती प्रस्तावनेत आणायची आहे. आपण चित्रकाराच्या वेदनेबद्दल फार बोलतो. स्टुलावर बसलेल्या माणसाचं काय?

शीले पुष्कळदा शिडीवर किंवा उंचावर बसून खाली झोपलेल्या मॉडेलचं चित्र काढायचा. रेघ एका दमात, पेन्सिल फारशी न उचलता. रंग नंतर, मॉडेल गेल्यावर. मग आडवा कागद उभा करून त्यावर सही करायचा. त्या एका सहीने झोपलेली बाई अधांतरी व्हायची. गादी तर त्याने काढलेलीच नसायची. कधी आकृतीच्या कडेने पांढऱ्या गुआशची पट्टी ओढायचा, म्हणजे देह कागदापासूनही तुटायचा. कारागिरी म्हणून हे थक्क करणारं आहे आणि त्यावर मी पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण ज्यांना तो असा अधांतरी ठेवत होता त्यांत कोवळ्या वयाच्या, गरीब घरांतल्या मुली होत्या. एप्रिल १९१२ मध्ये नॉयलेंगबाख या गावी त्याला अटक झाली. अपहरणाचा आणि फूस लावल्याचा आरोप टिकला नाही; लहान मुलांच्या नजरेला अश्लील चित्रं पडू दिली, यासाठी शिक्षा झाली. एकूण २४ दिवस तो कोठडीत होता, आणि न्यायाधीशाने भर कोर्टात त्याचं एक चित्र मेणबत्तीवर धरून जाळलं. तुरुंगात त्याने काढलेल्या चित्रांत तो स्वतः कोटात गुरफटून आडवा पडलेला आहे. या चोवीस दिवसांची कहाणी नेहमी कलावंताच्या छळाची म्हणून सांगितली जाते. चित्र जाळणं निंद्य होतं यात मला शंका नाही. पण त्या मुलींची बाजू कुणी लिहून ठेवली नाही, आणि त्यांचं जे एकटेपण चित्रात दिसतं त्यातलं किती त्यांचं स्वतःचं आणि किती शिडीवरून आलेलं, हा प्रश्न प्रत्येक चित्रापाशी मनात ठेवावा असं मी वाचकाला कळकळीने सांगते. किर्शनर आणि हेकेल यांच्यापाशी तो आणखी तीव्र होतो. ड्रेस्डेनमध्ये त्यांची आवडती मॉडेल फ्रेंझी नावाची मुलगी नऊ-दहा वर्षांची होती.

पाउला मोडरझोन-बेकरने यावर एक उत्तर काढलं होतं, कुणी विचारायच्या आधीच. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये तिने आरशात बघून स्वतःचंच अर्धनग्न चित्र केलं. पोट थोडं पुढे, गळ्यात मण्यांची माळ, हात पोटाभोवती. बघणारी तीच आणि बघितली जाणारीही तीच. पुढच्या वर्षी, मुलीच्या जन्मानंतर काही दिवसांतच, ती ३१ व्या वर्षी गेली. तिच्या चित्रांतला देह या पुस्तकातल्या सगळ्या देहांत जास्त शांत आहे. तिने स्वतःचा आधार स्वतःच्या तळव्यांत ठेवला आहे.

शीलेच्या बाबतीतही एक चित्र असं आहे जे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९१८ चं 'कुटुंब', व्हिएन्नाच्याच बेल्व्हेडेअरमध्ये. नग्न पुरुष उकिडवा बसलेला, चेहरा शीलेचा. त्याच्या पायांत खाली एक बाई. तिच्या पायांत एक मूल. आठ वर्षांपूर्वी ज्याने स्वतःखालची खुर्ची काढून घेतली होती, त्याने इथे एका देहाला दुसऱ्या देहाची ओटी दिली. तरी तिघांच्या नजरा तीन दिशांना आहेत, कुणी कुणाकडे बघत नाही. त्याची बायको एडिट तेव्हा गरोदर होती. ऑक्टोबरमध्ये फ्लूची साथ आली. २८ तारखेला, सहाव्या महिन्यात, एडिट गेली आणि ३१ तारखेला शीले. वय २८.

हे सगळं युरोपातलं. मराठीत त्यावर पुस्तक लिहायचं कारण फक्त माझी आवड एवढंच नाही. नाझींच्या छायेतून निसटून जी माणसं मुंबईला आली त्यांत व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लॅंगहॅमर होते, जर्मनीतून आलेले समीक्षक रूडी फॉन लायडन होते, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर होते. लॅंगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कला संचालक झाले आणि त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता सुरू झाला. ज्या चित्रांना जर्मनीत भिंतीवरून उतरवलं जात होतं, त्या चित्रांची भाषा रझा, आरा, हुसेन यांच्यासारख्या मुलांना मुंबईत उलगडून सांगणारं कुणीतरी होतं.

याच तरुणांच्या, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आग होती ती फ्रान्सिस न्यूटन सूझाची. जन्म १९२४, गोव्यातल्या साळगावचा. त्याच्या जन्मानंतर लवकरच वडील गेले, बहीण गेली, त्याला स्वतःला देवी आल्या आणि तो वाचला, म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव त्याला दिलं. आईने शिवणकाम करून त्याला वाढवलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. १९४९ मध्ये तो लंडनला गेला. गोव्याच्या चर्चमधल्या लाकडी ख्रिस्ताच्या जखमा ज्याने लहानपणी जवळून बघितल्या, त्याला देहाची वेदना युरोपच्या पुस्तकांतून शिकायची गरज नव्हती. त्याच्या माणसांचे डोळे कपाळावर चढलेले असतात, दात विचकलेले, रेघा बाभळीच्या काट्यांसारख्या. टेट गॅलरीतलं त्याचं १९५९ चं 'क्रुसावरील ख्रिस्त' काळंठिक्कर आणि टोचणारं आहे. क्रुसावरच्या देहाला आधार असतो, पण तो आधार म्हणजे खिळे. सूझाने ही गोष्ट जितकी निर्भीडपणे रंगवली तितकी आपल्याकडे कुणी रंगवली नाही. कधीकधी त्याची चीड रेघेच्या पुढे धावते आणि चित्र नुसतं ओरडू लागतं. अशी चित्रं मी निवडलेली नाहीत.

आणि शेवटचं प्रकरण तय्यब मेहतांचं. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर जमावाने एका माणसाला ठेचून मारताना बघितलं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ते दृश्य त्यांना सोडून गेलं नाही, हे ते स्वतः सांगत. वांद्र्याच्या कत्तलखान्यात पाय बांधून आडवा पाडलेला बैलही तसाच त्यांच्या चित्रांत राहिला. १९५९ ते १९६४ ही वर्षं त्यांनी लंडनमध्ये काढली, तिथे फ्रान्सिस बेकनची चित्रं बघितली. सुरुवातीला त्यांचाही रंग जाड होता, ब्रशचे फटकारे दिसत. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी ते सगळं गेलं. सपाट, स्वच्छ, भिंतीसारखे रंगाचे पट्टे आले, कॅनव्हास आडवा चिरणारी तिरकी रेघ आली, आणि त्यांत उलटीपालटी होणारी एक आकृती. हात कुठले, पाय कुठले, पटकन कळत नाही. तोंड उघडं. कुठे खरवडणं नाही, थेंब नाही, ओघळ नाही. जाड रंग म्हणजे तीव्र भावना असं मानणाऱ्याने या आकृतीपुढे पाच मिनिटं उभं राहावं.

'पडणारी आकृती' हा विषय त्यांनी पुढे कितीदा घेतला. कधी पक्ष्यासोबत, कधी एकटी. मी या सगळ्या चित्रांत खाली, कॅनव्हासच्या खालच्या कडेला, जमीन शोधली. रस्ता, फरशी, निदान एखादी आडवी रेघ. मोहम्मद अली रोडवरचा तो माणूस रस्त्यावर पडला होता. तय्यबांच्या कुठल्याच कॅनव्हासवर तो अजून खाली पोचलेला नाही.